शोभाआक्कांचं पिवळं पाणी

आक्का, तुम्ही पहिल्यांदा आमच्या कॉलेजात आलात तेव्हा शिपायाला वाटलं, तुम्ही तेल विकायला आला आहात. हातात पाच लिटरचा कॅन आणि त्यात पिवळंधमक काहीतरी. "मावशी, तेलवाल्यांना आत सोडत न्हाईत," तो म्हणाला. तुम्ही कॅन खाली ठेवलात आणि पदरानं मान पुसत म्हणालात, "तेल न्हवं रं, इख हाय. तुमच्यात इखाचा मास्तर कोन हाय?" त्यानं क्षणाचाही विचार न करता तुम्हाला माझ्या प्रयोगशाळेत आणून सोडलं.

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. सकाळी शॉपचं कुलूप काढता काढता पायरीवर बसलात, त्या उठलाच नाहीत. शॉपवरून रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. पोरांना काय सांगून बाहेर पडलो ते आठवत नाही. बाराव्याला तुमच्या दारात एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "पावणं, तुमी कुणाकडलं?" नात्याचा नव्हतो, भावकीतला नव्हतो, तुमच्या धंद्यातला तर नव्हतोच. "मी कॉलेजात असतो," एवढंच म्हणालो. म्हाताऱ्याला ते पटलं नसावं, पण त्यानं सरकून जागा दिली.

त्या पहिल्या दिवशी तुम्ही कॅन माझ्या टेबलावर आदळलात. "माझं क्रोम प्लेटिंगचं शॉप हाय. दुचाकीचं पार्ट चमकवतो आमी. जॉब टाकीतनं काढला की धुवायचा, आन् धुतलेलं हे पाणी. ह्यातलं इख काढून द्या." मी तेव्हा पीएचडीसाठी नेमकं हेच करत होतो. उसाचं चिपाड वाळवून, त्याचं पीठ करून, त्यानं पाण्यातलं क्रोमियम शोषून घ्यायचं. माझे काचेचे चंबू ओळीनं मांडलेले होते आणि सगळ्यांचे निकाल उत्तम होते. मी तुम्हाला ते अभिमानानं दाखवले.

"हे कुठल्या कारखान्याचं पाणी?" तुम्ही विचारलंत.

"कारखान्याचं नाही. मीच तयार केलंय. शुद्ध पाण्यात क्रोमियमचं मीठ विरघळवून."

तुम्ही म्हणालात, "म्हंजे पेपर बी तुमीच काढला आन् सोडवला बी तुमीच."

माझे दोन विद्यार्थी मागे उभे होते. ते हसले. मला तुमचा इतका राग आला की तुमचं पाणी मी चार दिवस तसंच ठेवून दिलं. मग एका दुपारी कोणी नसताना ते चिपाडाच्या पिठातून सोडलं. ते जवळजवळ जसंच्या तसं पिवळं बाहेर आलं. तुमच्या पाण्यात ग्रीसचा तवंग होता, पॉलिशचा मळ होता, निकेलही होतं. माझ्या पिठानं आधी ते सगळं धरलं, त्याचा चिखल झाला, आणि क्रोमियमला जागाच उरली नाही. मी तुम्हाला फोन केला. खोटं बोलण्याचा मोह तेव्हाही झाला होता. पण त्या वेळी खरं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "असू दे. उद्या शॉपवर या. हितं बसून बघू."

शॉप म्हणजे एक पत्र्याची शेड, चार टाक्या, मागे एक खोली. तुमच्या मालकांच्या पश्चात तुम्ही आणि रफिकभाई, दोघांनी ते चालवलेलं. रफिकभाई तुमच्या मालकांच्या वेळेपासूनचे. तुमच्या बोटांवर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे होते, क्रोमनं पाडलेले. मी ते बघतोय हे तुमच्या लक्षात आलं. "हे कायबी न्हाय. आमच्या मालकांच्या नाकाचा पडदा गेलता," असं म्हणून तुम्ही चहा ओतायला लागलात.

एवढी धडपड तुम्ही कशासाठी करता, हे मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. आजूबाजूची बरीच शॉपं पाणी सरळ नाल्यात सोडत होती, तुम्हीही तोवर सोडतच होता. मग एकदा बोलता बोलता तुम्ही सांगितलंत. नाला जिथं शेतांना लागतो तिथं तुमचं माहेर. तुमच्या थोरल्या भावाची, महादेवदादांची, विहीर नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. एका उन्हाळ्यात त्या विहिरीचं पाणी पिवळसर झालं, म्हशी तोंड लावेनात. दादा तुमच्या शॉपच्या दारापर्यंत आले, आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "शोभे, तुझं पाणी माझ्या हिरीत आलंय. आता मी तुझ्या दारात येणार न्हाय." त्यानंतर चार दिवाळ्या तुमच्या घरी भाऊबीज झाली नव्हती. हे सांगताना तुम्ही रडला नाहीत. रॅकला जॉब अडकवत होता, तो अडकवून झाल्यावर म्हणालात, "आता त्ये माझंच इख असंल का शेजारच्याचं, त्ये मला ठावं न्हाय. पर माझं हाय न्हवं त्यात थोडं."

मग दीड-दोन वर्षं आपण जे केलं त्याला माझ्या प्रबंधात 'प्रायोगिक भाग' म्हटलंय. त्यातला निम्मा तुमचा. पीठ करू नका, हे तुम्ही सांगितलंत. "पिठाचा चिखल हुतोय. वैरणीगत तुकडं करा, पानी हळूहळू झिरपंल." शेजारच्या गावातल्या गुऱ्हाळातून चिपाड आणलं, ते तुमच्या जावेच्या कडबाकुट्टीत घातलं. तिनं दुसऱ्या दिवशी तक्रार केली की म्हशींना वैरणीत गोडसर वास येतोय आणि त्या भलत्याच खायला लागल्यात. ग्रीस आधी वाळूच्या थरात अडवायचं, मगच पाणी चिपाडात सोडायचं, हेही तुमचंच. निळ्या बॅरलला तळाशी नळ बसवला तो रफिकभाईंनी.

आणि आजरा. काजूची टरफलं क्रोमियम चांगलं धरतात असं मी कुठंतरी वाचलं होतं. आपण एसटीनं आजऱ्याला गेलो, एका कारखान्याच्या मागून दोन पोती टरफलं भरून आणली. त्या टरफलात तेल असतं आणि ते कातडी जाळतं, हे मी वाचलं नव्हतं. किंवा वाचून विसरलो होतो. प्रयोगशाळेतून मी हातमोजे नेले होते, एकच जोड, माझ्यापुरते. तुम्ही उघड्या हातांनी टरफलं धुतलीत. दुसऱ्या दिवशी तुमचे तळहात फोडांनी भरले. तुम्ही ते माझ्यापुढे धरून हसलात, "सर, ह्या परीक्षेत मी नापास, तुमी पास." मी त्या दिवशीही माफी मागितली नाही. टरफलं आपल्या कामाची नाहीत, चिपाडच बरं, असं काहीतरी शास्त्रीय बोललो.

पाणी पहिल्यांदा पांढरं आलं तो दिवस तुम्हाला नक्की आठवत असेल. असेल म्हणतोय मी. अजून क्रियापदं बदलायची सवय झालेली नाही. तुम्ही स्टीलचा पेला नळाखाली धरलात, पाणी उन्हात नेऊन बघितलंत, मग काचेच्या ग्लासात ओतून पुन्हा बघितलंत. पिवळेपणाचा मागमूस नव्हता. मी तिथंच परीक्षण केलं. विषारी क्रोमियम असलं की चाचणीचं रसायन टाकल्यावर पाण्यात जांभळा रंग येतो. आला नाही. रफिकभाईंनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही पदर तोंडाला लावून मागच्या खोलीत गेलात. बाहेर आलात ते फोन कानाला लावूनच. वहिनींना सांगत होता, "दादाला म्हणावं, एकडाव येऊन बघ. शिव्या द्यायच्या असल्या तरी ये."

दादा आठवड्यानं आले. त्या सकाळी माझ्या खिशात एक कागद होता. तुमच्या पांढऱ्या पाण्याचा नमुना मी दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला होता, तिथल्या यंत्रावर एकूण क्रोमियम मोजायला. अहवाल आदल्या दिवशी आला होता. क्रोमियम पाण्यातच होतं. बरंचसं. चिपाडानं त्याचं फक्त रूप बदललं होतं, पिवळ्याचं फिकट हिरवट, डोळ्याला न दिसण्याइतकं. हे रूप पहिल्याइतकं विषारी नसतं, पण ते धातूच, आणि ते नाल्यातून विहिरीतच जाणार होतं. पिवळा रंग गेला म्हणजे क्रोमियम गेलं असं नसतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो.

दादा दारात थांबले. तुम्ही ग्लास पुढे केलात. त्यांनी तो हातात घेऊन वास घेतला. "मासा जगंल का ह्यात?" त्यांनी विचारलं.

"इचार की सरास्नी," तुम्ही म्हणालात. तुमचा चेहरा मी त्याआधी कधी तसा बघितला नव्हता. एखाद्या मुलीचा झाला होता. "आता माझ्याकडनं नाल्यात इख जायाचं न्हाय दादा. सरांनी सांगितलंया."

तुम्ही दोघंही माझ्याकडे बघत होतात. मी म्हणालो, "बराच फरक पडलाय." एवढंच. ते खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. दादा उंबरा ओलांडून आत आले. तुम्ही त्यांना खुर्ची पुसून दिलीत. आपण चौघांनी चहा घेतला.

नऊ दिवस मी तो कागद घेऊन फिरलो, आक्का. स्वतःला सांगत होतो की आधी उपाय शोधू, मग सांगू. दहाव्या दिवशी तुमच्यापुढे ठेवला आणि समजावून सांगितलं. तुम्ही जॉब पुसत होता, पुसतच राहिलात. मग विचारलंत, "दादा आलता तवा हा कागद तुमच्या खिशात हुता?"

"होता."

"मग च्या कसा गेला तुमच्या घशाखाली?"

तुम्ही कपडा खाली ठेवलात. "मला सांगून भागायचं न्हाय. दादाला जाऊन सांगा. आन् मी संगं येणार न्हाय."

मी गेलो. महादेवदादा उसाला पाणी पाजत होते. बांधावर उभा राहून मी सगळं सांगितलं. पाणी स्वच्छ झालेलं नाही, मला त्या दिवशीच माहीत होतं, आणि तरीही मी बोललो नाही. त्यांनी खोऱ्यानं पाटाचं दार मोडून पाणी दुसऱ्या सरीत घातलं, मग माझ्याजवळ आले.

"शोभीला ठावं हुतं?"

"नाही. मला एकट्याला."

"म्हंजे खोटं तू बोललास. ती न्हाय."

"हो."

ते पुन्हा पाण्याकडे वळले. मी गाडी चालू करेपर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही. पण त्या दिवाळीत ते तुमच्याकडे भाऊबीजेला आले. तुम्ही मला फोन करून सांगितलंत, "दादा जेवून गेला," आणि फोन ठेवलात. मला आपलंसं केलं म्हणून केलेला फोन होता तो, की फक्त कळवलंत, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. तुम्ही मला माफ केलंत का, हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तुम्ही शिवीच हासडली असती, हे जाणून विचारलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

त्यानंतर आपण दुसरं बॅरल जोडलं. पहिल्यातून आलेल्या पाण्यात चुन्याची निवळी घालून त्याचा आंबटपणा मारायचा आणि मग ते ताज्या चिपाडातून सोडायचं. या वेळी नमुना मी तुमच्यासमोर बंद केला, अहवालाचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं. तुम्ही ते रफिकभाईंना दाखवलंत, "वाचून सांगा. सरांच्या तोंडचं नको." क्रोमियम मर्यादेच्या खाली आलं होतं. ते वाचून झाल्यावरही तुम्ही ते पाणी नाल्यात सोडलं नाहीत. पुन्हा जॉब धुवायलाच वापरायला लागलात, आणि नाल्याकडे जाणारं पाइपाचं तोंड विटा आणि सिमेंट घालून बुजवून टाकलंत. सगळ्या औद्योगिक वसाहतीत असं करणाऱ्या तुम्ही एकट्या.

मला पदवी मिळाली. तुम्ही पेढ्यातला निम्मा तोडून मला भरवलात आणि लगेच म्हणालात, "आता माझ्या प्रश्नाचं काय?"

तुमचा प्रश्न एकच होता. तो मी टाळत होतो. "पाण्यातलं इख चिपाडात आलं. चिपाडातलं कुठं जाणार?" मी वेगवेगळी उत्तरं देऊन बघितली. जाळता येईल, म्हणालो. "राखेत राहील न्हवं?" राहील. आम्लानं धुऊन पुन्हा वापरता येईल. "मग त्या आम्लाचं काय?" विटांत घालतात काही जण. त्यावर तुम्ही भडकलात. "कुणाच्या घराच्या भिंतीत घालू मी हे?" शेवटी मी खरं उत्तर दिलं, असा कचरा नेणारी, परवाना असलेली जागा असते, तिथं नोंदणी करावी लागते, कागद भरावे लागतात. "मग भरा की," तुम्ही म्हणालात. "मी करतो," मी म्हणालो.

तीन वर्षं झाली त्याला. परीक्षा, पेपर तपासणी, बढतीचे अर्ज. माझे कागद भरले गेले, तुमचे नाही. वापरलेलं चिपाड तुम्ही वाळवून पोत्यांत भरत राहिलात आणि ती पोती मागच्या खोलीत लाकडी फळ्यांवर रचत राहिलात, वर ताडपत्री, दाराला कुलूप. त्या खोलीत तुमचे मालक दुपारी पडायचे. पोती वाढली तशी त्यांची कॉट बाहेर काढलीत. एक गुऱ्हाळवाला चुलवाणात जाळायला वाळलेलं चिपाड मागायला आला, तर त्याला असं काही झापलंत की रफिकभाई अजून सांगतात, "आक्कांचा आवाज नाक्यापर्यंत गेलता." रात्रंदिवस त्या विषाला तुम्ही राखण बसला होता आणि मी परिषदांतून त्यावर बोलत होतो. बोलताना शेवटी कोणीतरी विचारायचंच, वापरलेल्या चिपाडाचं पुढे काय? मी म्हणायचो, "त्यावर काम चालू आहे."

शेवटचं भेटलो ते तुमच्या शॉपवरच. तुम्ही पुन्हा विचारलंत. मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात नक्की, आक्का."

तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "सर, तुमचा आठवडा लई लांबडा असतोय."

आपलं तेवढंच शेवटचं बोलणं. त्यात राग होता का, मी आठवून आठवून बघतो. मला वाटतं नव्हता. तुम्ही दमला होता. ते मला दिसलं नाही.

तुम्ही असताना तीन वर्षं न झालेले कागद तुम्ही गेल्यावर सहा दिवसांत झाले. मीच केले. काहीही अवघड नव्हतं. हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटते, पण तुमच्यापासून पुन्हा कागद लपवायचा नाही, एवढं तरी शिकलोय.

काल ट्रक आला. रफिकभाई, महादेवदादा आणि मी, तिघांनी पोती काढली. शॉप आता बंद होणार. जागा घेणारा दुसरंच काहीतरी करणार आहे. रफिकभाईंना पलीकडच्या शॉपमध्ये काम मिळालंय. पोतं उचलता उचलता ते म्हणाले, "तिथं बॅरल न्हाय सर. पाणी सरळ जातंय." मी म्हणालो, मी येऊन त्यांच्या मालकाशी बोलेन. रफिकभाईंनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी जाणार आहे, आक्का. हाकलून देईल बहुधा. तरी जाणार आहे.

परवा मी माझा प्रबंध काढून बघितला. आभाराच्या पानावर 'एका स्थानिक उद्योगाने नमुने उपलब्ध करून दिले' असं एक वाक्य आहे. छापलेल्या तीन शोधनिबंधांतही तेच वाक्य. तुमचं नाव कुठंही नाही. तेव्हा मी म्हणालो होतो की नाव आलं तर तुम्हालाच अडचण होईल, शॉपवर चौकशी येईल. तुम्ही 'बरं' म्हणाला होता. पण ते फक्त तुमच्या काळजीनं होतं का, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

ट्रकबरोबर आलेल्या माणसानं फॉर्म काढला. "धोकादायक कचरा निर्माण करणाऱ्याचं नाव?" मी तुमचं पूर्ण नाव सांगितलं. त्यानं ते मोठ्या अक्षरांत लिहिलं. एवढ्या वर्षांच्या या कामात तुमचं नाव कागदावर आलं ते पहिल्यांदा.

"त्यांची सही लागंल," तो म्हणाला.

"ती न्हाय आता," दादा म्हणाले. "मी भाऊ हाय तिचा."

"मग तुम्ही करा. नातं लिहा तिथं."

दादांनी पेन घेतलं. 'भाऊ' असं लिहिलं, सावकाश. मग त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली आणि त्यांनी ती बोट ठेवून वाचली. "सर, हे काय लिवलंय? कचरा हिनं तयार केला?"

"फॉर्मची भाषा असते तशी, दादा."

"आन् हिनं त्यो धरून ठेवला, कुणाच्या रानात जाऊ दिला न्हाय, त्ये कुठं लिवायचं?"

त्या माणसानं फॉर्म उलटून बघितला. मीही बघितला. तसा रकाना नव्हता, आक्का. दादांनी सही केली.